ऐकलं सगळं, राहिलं अर्धं

हॅलो? … हॅलो, तीन नंबर वॉर्ड… हो, सिस्टर कस्तुराच बोलतेय… कोण? … कोण म्हणालात? … केसर! अगं तू! जळगावहून? … हो, हो, मीच. वॉर्डातच आहे. माझ्याच टेबलावर, माझ्याच खुर्चीत…

काय? … परत बोल. गोधडी पांघरून बोलल्यासारखा आवाज येतोय तुझा… तोंडावर काय बांधलंयस? … मास्क? अगं बाई, तारेतून प्लेग येतो होय? काढ तो आधी… काढलास? … हं. आता कशी ओळखीची वाटतेस.

बोल, काय ऐकलंस? … कुणी सांगितलं? … तो औषधकंपनीवाला? … 'धुळ्याच्या कस्तुराला काढलं'… वा! आणि तू काय केलंस, रडलीस? … खरंच रडलीस? … वेडी कुठली. अगं, ती बातमी शिळी झाली. काल दुपारी सगळं उलटलं. मी जिंकले, केसर! आणि नुसती नाही, त्यांच्या नाकावर टिच्चून जिंकले…

हो, हो… अगं ऐक ना… पहिल्यापासून सांगते, पण तू मध्ये मध्ये तोडू नकोस…

तुला शालिग्राम डॉक्टर माहीत नाहीत, तू गेल्यावर आले ते. … सर्जन. हात सोन्याचा, तोंड मात्र… हो, तसलंच. पण माणूस हुशार, उगाच खोटं नाही बोलणार मी. तर ते सुरतेला प्लेगचं सुरू झालं आणि आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडाला फडकी लागली. तुमच्याकडे पण ना? … हो ना, अर्धा खानदेश तिकडे कामाला, गाड्या भरभरून माणसं परत येत होती… थिएटरात आपण मास्क लावतोच गं, ते वेगळं. तिथं बोलणं ठरलेलं असतं. कात्री म्हटलं की कात्री. पण हे राउंडला सुद्धा मास्क! आणि शालिग्राम डॉक्टर एकावर थांबतात होय? दोन मास्क, आणि वरून खिशातला रुमाल… नाही, हसले नाही मी. मला पण भीती होतीच की. मी पण बांधला होता.

आणि त्यांनी अजून एक काढलं. केसपेपरला हात लावायचा नाही! … हो गं! कागदावर जंतू बसतात म्हणे. खाटेच्या पायथ्याशी, तीन हात लांब उभं राहायचं आणि सगळ्या सूचना तोंडी. लिहायचं सिस्टरनं… अगं, तिथल्या तिथे कशी लिहिणार? माझ्या दोन्ही हातांत ड्रेसिंगचा ट्रे. वीस खाटा फिरून झाल्या की मग टेबलावर येऊन लिहायचं…

थांब हं… कुंदामावशी, त्या चादरी धुवायच्या आहेत, घालायच्या नाहीत! … हां, बोल. … कुंदामावशी गं, आमच्या वॉर्डातली आया. ती पण आहे या भानगडीत, येईलच पुढे…

तर नवरात्र बसायच्या आधीचा मंगळवार. अकरा नंबरला द्रौपदाबाई. एरंडोलकडची म्हातारी, अपेंडिक्स फुटून आलेली, ऑपरेशनला तीन दिवस झालेले. सर उभे राहिले आणि सुरू. सलाईन दुपारनंतर बंद, पाणी चमच्यानं, इंजेक्शन बदल, कुशीवर वळवत राहा… आठ गोष्टी सांगितल्या. आणि केसर, शपथेवर सांगते, मला आठही ऐकू आल्या. मान पुढे करून, डोळे बारीक करून, एकेक शब्द धरत होते मी… हो. आणि टेबलावर येऊन लिहायला बसले तर सहाच. मला वाटलं, सहाच होत्या… नाही ना! आपण विसरलोय हेसुद्धा कळत नाही, तीच तर खरी मेख.

राहिलं काय? लघवीची नळी संध्याकाळी काढायची होती. आणि लघवी तपासायला पाठवायची होती… हो. नळी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारीला थंडी वाजून ताप… नाही नाही, चांगली आहे. चार दिवसांत उठून बसली, घरी पण गेली. पण तो ताप माझ्यामुळे आला, केसर. मी ते कुणापाशी नाकारलं नाही. आधी तिच्याच खाटेशी गेले. म्हटलं, आजी, चूक माझी झाली… ती काय म्हणाली? अगं, मास्क लावूनच सांगत होते ना मी. ती म्हणे, "पोरी, तोंडवरनं फडकं काढीसन बोल, मंग माले समजी." … हस, हस. मी काढलं फडकं, परत सगळं सांगितलं. तर म्हणे, "जाऊ दे, जित्ती शे ना मी." त्या म्हातारीनं माफ केलं गं. डॉक्टरांनी नाही.

नाही, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मेमो आला. टाइप केलेला. … थांब, कागद नको, पाठ आहे मला. 'सदर परिचारिका डोंगराळ भागातील असून तिला मराठी भाषेचे पुरेसे आकलन नाही. त्यामुळे तोंडी सूचना तिला समजत नाहीत. सबब तिला वॉर्ड व शस्त्रक्रियागृहाच्या कामातून कमी करावे.' …

हो. अक्षर न् अक्षर. कागदावर होतं ना, म्हणून राहिलं. त्याला कुठं मास्क होता…

अगं हळू! शिव्या नको देऊस, तुझ्या मागे बूथवर माणसं असतील… असू दे म्हणतेस? बरं, एक दे… झालं? आता ऐक.

कसं वाटलं म्हणजे? अंगाची लाही लाही झाली. विसराळू म्हटलं असतं, मान खाली घातली असती. कामचुकार म्हटलं असतं तर भांडले असते. पण मराठी कळत नाही! पहिलीपासून आश्रमशाळेत मराठीत शिकले मी. आणि ट्रेनिंगला नोट्स तू कुणाच्या वहीतून उतरवल्यास? … शुद्धलेखन कोण तपासत होतं तुझं? … मग! तू अमळनेर शहरातली आणि मी शिरपूरच्या वरची, डोंगराच्या पायथ्याची, पण ऱ्हस्व-दीर्घ मला विचारायचीस. … हो ना. चूक दुसऱ्या सिस्टरची झाली की ती हाताची. पावऱ्याच्या, आदिवासीच्या पोरीची झाली की ती रक्ताची. तुला मी काय सांगू, तुझ्या आडनावापायी तुला हे माझ्याआधी ठाऊक आहे…

आणि ते वाक्य माझ्यापुरतं राहणार नव्हतं. आमच्या पाड्यावरून नर्स झालेली मी पहिली. माझ्यामागे दोन पोरी फॉर्म भरून बसल्यात. त्या उद्या इथं आल्या की त्यांच्या आधी माझ्या फाइलीतलं वाक्य येऊन बसलेलं असणार. 'डोंगरातल्या. यांना कळत नाही.' … म्हणून सोडणार नव्हते मी. बदली सोसली असती, पण ते वाक्य नाही.

कुठं टाकलं? ओपीडीत. खिडकीत बसून चिठ्ठ्या द्यायच्या आणि लसीचा फ्रीज सांभाळायचा. आठ दिवस… नाही, उलट बरंच झालं. तिथंच उजेड पडला डोक्यात.

कसा म्हणजे… माझी खिडकी डॉक्टरांच्या खोलीबाहेरच. आत डॉक्टर मास्क लावून सांगणार, पेशंट 'हो साहेब, हो साहेब' करणार, आणि बाहेर येऊन माझ्या खिडकीशी उभा. 'बाई, काय म्हणाले हो?' … एक नाही, दोन नाही, रांगच! खेड्यातली म्हणशील तर तसं नाही. एक वकील आला, काळा कोट, ऐटबाज. मी विचारलं, ऐकू नाही आलं का? तर म्हणे, "ऐकू आलं हो व्यवस्थित. दोन गोळ्या जेवणाआधी… आणि ती दुसरी… ती कधी?" … हो! त्याची मराठी कच्ची? कोर्टात तासन् तास बोलतो तो! … मग मी एकेकाला विचारायला लागले. ऐकू आलं होतं का? सगळे म्हणतात, आलं होतं. मग राहिलं का नाही? …

अगं, तेच तर! ऐकण्यातच सगळा जीव जातो. फडक्याआडचा शब्द ओढून काढायचा, तोंड दिसत नाही म्हणून अंदाज बांधायचा, तोवर पुढचा शब्द आलेला. पकडायला दोन्ही हात लागले तर ठेवायला हात उरतो कुठं? … हां. बरोब्बर बोललीस.

मग कुंदामावशीवर करून पाहिलं. मास्क लावला, आठ वस्तू सांगितल्या, स्टोअरमधून आण म्हटलं. आणल्या चार. आणि वर काय म्हणते, "बठ्ठं ऐकं मी बाई, पन ध्यानमा ऱ्हायनं नई." … ऐकलं सगळं, राहिलं अर्धं! मास्क काढून दुसऱ्या आठ सांगितल्या. सात आणल्या! आठवी पण आणली असती, पण ती स्टोअरमध्येच नव्हती… हो, मग दोन सिस्टरांवर केलं, मग कंपाउंडरवर. सगळं वहीत लिहिलं, तारीख घालून. आणि अर्ज केला. चौकशी करा, माझं म्हणणं ऐकून घ्या…

हॅलो? … हॅलो, खरखर होतेय… येतंय का? … हां, येतंय.

काल दुपारी बोलावलं. ट्रस्टींच्या खोलीत. मधोमध रतिलालशेठ, मोठे ट्रस्टी, कापसाचे व्यापारी. त्यांच्या बाजूला मेट्रन, पंचवीस वर्षांची सर्व्हिस. हेडक्लार्क लिहायला. आणि समोर शालिग्राम डॉक्टर. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मला इतकं बरं वाटलं ते बघून! … अगं, मला तेच हवं होतं ना…

डॉक्टर म्हणाले, ऐकू आलं नव्हतं तर सिस्टरनं तेव्हाच विचारायला हवं होतं. मी म्हटलं, सर, ऐकू आलं होतं. म्हणाले, मग कळलं नसेल. म्हटलं, कळलं पण होतं. राहिलं नाही. तर ते शेठकडे बघून हात पसरतात, बघा म्हणे, हे असं आहे…

घाबरले? घाबरले तर होतेच गं. पण तोंड चाललं. म्हटलं, शेठ, मला अर्धा तास द्या. सरांनी राउंडला सांगतात तशाच आठ सूचना द्याव्यात, कुठल्याही पेशंटच्या, मनात येतील त्या. आपण तिघांनी ऐकायच्या. फक्त माझ्यासारख्या. उभं राहून, हातात ट्रे घेऊन… हो! मी तीन ट्रे घेऊनच गेले होते. बाटल्या, कापूस, चिमटे, सगळं भरून. … अगं, रतिलालशेठ! ते धोतर, ती टोपी, आणि दोन्ही हातांत ड्रेसिंगचा ट्रे! मेट्रन माझ्याकडे अशा बघत होत्या, आता गिळतात की काय. पण शेठला मजा वाटली. म्हणाले, "चाला, आज आमी पण सिस्टर."

डॉक्टरांनी सांगितलं. रागात होते म्हणून जरा भरभरच सांगितलं. बरंच झालं. मग मी म्हटलं, आता लगेच लिहायचं नाही. राउंडला अकरानंतर बारा असतो, तेरा असतो, वीस खाटा होतात. तर आपण चहा घेऊ… हो, चहा मागवला! चहा घ्यायला सगळ्यांचे मास्क खाली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. कापसाला बोंडअळी किती, दसऱ्याला पाऊस कसा पडला. पंधरावीस मिनिटं. आणि मग मी प्रत्येकासमोर कोरा कागद ठेवला.

काय सांगू गं! मोठी मोठी माणसं, पेन्सिल तोंडात धरून छताकडे बघतायत. मला आपली चौथीची परीक्षा आठवली…

शेठचे तीन. मेट्रनबाईंचे पाच, आणि त्यांचा चेहरा असा उतरला… नाही, मला वाईट वाटलं खरंच, चांगल्या आहेत त्या. हेडक्लार्कचे दोन. त्यातलं एक तर सरांनी सांगितलंच नव्हतं! पोटाला शेक द्या म्हणे. त्यानं आपल्या मनाचंच औषध लिहिलं…

मी शेठना विचारलं, ऐकू आलं नव्हतं का? ते म्हणाले, "ऐकायला तर बरोब्बर आला हो सगळा. पण डोक्यात थांबला नाय." … केसर, त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं मला. माझंच वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं!

डॉक्टर? ते काय मानतात! म्हणाले, यांना वैद्यकीय भाषेची सवय नाही. मेट्रननी चटकन मान वर केली, "मला पंचवीस वर्षं आहे सवय." … हो! फिरल्या त्या. तिथं फिरल्या. स्वतःच मास्क नीट केला, उठून डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता मी सांगते आठ, तुम्ही ऐका." … हो! ट्रे दिला त्यांच्या हातात!

परत वाट बघितली. चहा नाही, यावेळी हेडक्लार्कनं हजेरीचं काहीतरी रडगाणं लावलं. आणि मग कागद…

सांगू? … सांगू का? … चार!

चार, केसर! ज्यांच्या हातात माणसांचे जीव, ज्यांची मराठी अशी चोख, ते चारवर अडकले. पाचवं आठवत होते, आठवत होते, कान लाल झाले. आणि शेठ म्हणतात, मी नाही हं, शेठ म्हणतात, "डॉक्टरसाहेब, मराठी तर माझा कच्चा. तुमचा तर पक्का ना?" …

हो… हो… हसून घे. मी तिथं हसले नाही. दात आवळून उभी होते, पण आतून माझा नुसता ढोल वाजत होता!

मग मास्क काढून तेच. खिडकी उघडली, लांब लांब बसलो, प्लेगची भीती नको म्हणून. नव्या आठ सूचना मी सांगितल्या, तोंड दिसतंय असं बसून. मेट्रनना आठही आल्या. डॉक्टरांना सात. शेठना सहा, आणि ते इतके खूश की कागद घडी करून खिशातच घातला…

नाही. डॉक्टर भांडले नाहीत. चारचा कागद सातच्या कागदाशेजारी ठेवला त्यांनी. मग म्हणाले, आणि चांगल्या आवाजात म्हणाले बरं का, "सिस्टर, पण थिएटरात मास्क काढता येणार नाही. मग करायचं काय?" … हो, तसा सरळ प्रश्न विचारला. उपहास नव्हता त्यात. म्हटलं, ऐकणाऱ्यानं परत म्हणून दाखवायचं. सांगणाऱ्यानं हो म्हटल्याशिवाय हलायचं नाही. त्यांनी विचारलं, ही पद्धत कुठल्या पुस्तकातली?

मी म्हटलं, पुस्तकातली नाही सर. माझ्या बापाची.

हो. असंच म्हटलं, मोठ्यानं. … बाबा निरोप नेतो ना, तू पाड्यावर आली होतीस तेव्हा नव्हता का बोरीच्या झाडाजवळच्या घरातून निघाला? … हां, तोच. लग्नाचा निरोप, मयताचा, पंचायतीचा, या पाड्यावरून त्या पाड्यावर. अक्षर येत नाही त्याला. पण सांगणाऱ्याच्या समोर बसतो, तोंडाकडे बघतो, पाठ फिरवून बोलणाऱ्याचा निरोप तो घेतच नाही. एक गोष्ट झाली की ज्वारीचा एक दाणा कमरेच्या फडक्यात. सगळं झालं की पूर्ण निरोप परत म्हणायचा. समोरचा हो म्हणाला की मगच उठायचं. दहा दहा कोस चालतो, ओढा लागतो, ऊन लागतं, पण निरोपातली एक गोष्ट सांडत नाही… हे सगळं सांगितलं मी. त्या खोलीत. हेडक्लार्क लिहून घेत होता, 'पुन्या पावरा यांची पद्धत'. माझ्या बाबाचं नाव हॉस्पिटलच्या चौकशीच्या कागदावर गेलं, केसर. आरोपी म्हणून नाही…

नाही गं. नाही रडत. नाक चोंदलंय…

थांब, खरी गोष्ट तर राहिली. शेठ म्हणाले, मेमो मागे घ्या. डॉक्टर म्हणाले, घेतो, आणि फाडायलाच निघाले. मी म्हटलं, नाही सर! फाडू नका! … हो, अडवला हात. … अगं, फाडला तर काय, काही झालंच नाही असं होतं. उद्या कुणीही म्हणेल, होतं काहीतरी तिच्या फाइलीत, दडपलं. म्हटलं, ते मराठीचं वाक्य खोडा, बाजूला लिहा की हे चूक आहे, आणि खाली सही करा. आणि नळी माझ्याकडून राहिली, ते तसंच राहू दे. ते खरं आहे.

… शेठ म्हणाले, "पोरी, तू वकील व्हायची होतीस." म्हटलं, वकील बघितलाय मी, ती दुसरी गोळी आठवत नव्हती त्याला!

सही केली. होय, शालिग्राम डॉक्टरांनी. लाल शाईनं रेघ मारली, लिहिलं, 'हे विधान चुकीचे होते.' आणि कागद माझ्याकडे दिला वाचायला. मग म्हणाले, "उद्यापासून वॉर्डात या." … नाही, माफी मागितली नाही. ते काम त्यांना जमायला अजून वेळ लागेल. पण 'या' म्हणाले. पहिल्यांदा 'ये' नाही, 'या'…

आज सकाळपासून इथंच. आणि भिंतीवर पाटी लागली, मेट्रननी स्वतः लिहून लावली. सूचना परत म्हणून दाखवल्याशिवाय काम सुरू करू नये. … आणि कुंदामावशी मला विचारते, बाई, ही पाटी कोनी शे? म्हटलं, माझ्या बाबाची. तिला खरं वाटत नाही…

बाबाला कळवलं ना. शिरपूरच्या गाडीच्या कंडक्टरपाशी निरोप दिलाय, रुपसिंग माझा भाऊ स्टँडवर येतो त्याला द्यायला. … हो, कंडक्टरकडून परत म्हणून घेतला! गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली, लोक ओरडायला लागले, पण मी सोडला नाही…

तू ये ना एकदा. … दिवाळीत? … ये. दोघी वर जाऊ, पाड्यावर… आणि तुझ्याकडे पण सुरू कर हे. नाही, घाबरायचं काय त्यात? …

केसर, थांब. ठेवू नकोस. सर आलेत दारात…

हां सर. … सर… सर, मास्क. … हो. … हां, आता बोला…

हो… हो… हो सर… अच्छा… हो…

परत म्हणते. चार नंबरची सलाईन ही बाटली संपली की बंद. रक्ताचा रिपोर्ट मी स्वतः लॅबमधून आणायचा, कुणाला पाठवायचं नाही. नऊ नंबरचे टाके आज नाही, उद्या… हो, उद्या. बारा नंबरला मीठ बंद, आणि ते नवऱ्याला नाही, सासूला सांगायचं, कारण डबा ती करते. सतरा नंबरचं बीपी दर दोन तासांनी. उद्याच्या ऑपरेशनची यादी पाच वाजेपर्यंत थिएटरात…

झालं? … नाही सर, झालं नाही. एक राहिलं… सहाच? … सात होत्या सर. … हो, सात. … मोजा ना, मी थांबते…

दोन नंबरचे आजोबा, सर. शिरपूरच्या वरून आलेत, उद्याच्या ऑपरेशनला सही द्यायला तयार नाहीत. तुम्ही म्हणालात, 'त्यांना सगळं त्यांच्या बोलीत समजावून सांगा, इथं ती फक्त तुम्हालाच येते'… हो सर. तेच. … हो, आत्ताच जाते.

हॅलो? आहेस? … ऐकलंस? … सगळं? … हं. … चल, ठेवते आता. दोन नंबरपासून सुरुवात करते.